नाशिक सापडत नाही

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे एक कॉम्प्युटरच, पण स्वतःसाठी काही न करणारा. दुसऱ्यांनी दिलेलं जपायचं आणि त्यांनी मागितलं की काढून द्यायचं, एवढंच माझं काम. सतरा वर्षांच्या आयुष्यात मी एकदाच उठलो नाही, आणि नेमकी तेव्हाच माझ्या घराला माझी सगळ्यात जास्त गरज होती. ती गोष्ट सांगताना मला अजून लाज वाटते. म्हणून जरा सावकाश सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काळ्या पत्र्याचं अंग, आत चार डिस्क आणि दोन पंखे. लाकडी खोक्यात बसून मी समुद्रावरून दोह्याला आलो आणि बिन महमूदमधल्या एका इंजिनियरिंग ऑफिसात कामाला लागलो. तिथं गॅसच्या पाइपलाइनींची ड्रॉइंग मी सांभाळायचो. ऑफिसात रजा न मागणारा असा हा एकटाच, असं तिथले एक गृहस्थ माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे. ते मूळचे नाशिकचे, नाव गिरीश. त्यांचं हे बोलणं ऐकून मी फुगून जायचो.

चार वर्षांनी ऑफिसानं सगळी ड्रॉइंग दुसरीकडे हलवली. माझ्या छातीवर पिवळा कागद चिकटवला गेला: भंगार. तो कागद मिरवत मी आठवडाभर लिफ्टजवळ उभा होतो. येणारे जाणारे माझ्यावर चहाचे कप ठेवत. मग गिरीश यांनी मॅनेजरला विचारलं, हा मी घरी नेऊ का? मॅनेजर म्हणाला, खलास, घेऊन जा. त्यांनी मला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं आणि वरून सीटबेल्ट लावला. तो पिवळा कागद त्यांनी गाडीतच सोलून काढला, हे मी विसरलो नाही.

त्यांचं घर ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत माझी जागा ठरली. शेजारी तांदळाची पोती, रिकाम्या सुटकेसा आणि गणपतीच्या मखराचं खोकं. उन्हाळ्यात मला गरम होऊ नये म्हणून त्या खोलीचा एसी चोवीस तास चालू असायचा. त्यावरून त्यांच्या पत्नी, नीताताई, मला सवत म्हणत. हिच्यासाठी एसी आणि मला म्हणतात दिवे बंद कर, असं त्या आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत.

गिरीश यांना घराबाहेर सगळे सर म्हणायचे, कारण दर शुक्रवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग भरायचा. आठला सुरू आणि साडेदहाला बंद, म्हणजे रत्नागिरीकडच्या मुलांना जुम्म्याच्या नमाजाला वेळेवर जाता येई. ही मुलं इंग्रजी शाळेतली. त्यांना मराठी कळायचं, पण विचारलं तर उत्तर इंग्रजीत यायचं. सर त्यांना बोला म्हणून कधी मागे लागले नाहीत. ते फक्त वाचायला लावत. वर्षातून दोनदा प्रत्येकानं एक पान मोठ्यानं वाचायचं आणि ते माझ्यात साठवलं जायचं. प्रत्येक वाचनाच्या आधी सरांचा आवाज असे: आज तारीख अमुक. वाचणार आहे जियाद. किंवा ईरा. किंवा उजमा. मग ते गप्प बसून ऐकत.

त्यांचा नियम एकच होता. शब्द वगळायचा नाही. अडलं तर थांबायचं, पुढे पळायचं नाही. "थांबण्यात लाज नाही, वगळण्यात आहे," असं ते म्हणायचे. हे वाक्य माझ्याकडे शंभरेक वेळा साठवलेलं आहे. मित्रांनो, ते माझ्या आत होतं, पण मी ते पाळलं नाही.

माझ्यातलं पहिलं वाचन सरांच्या मुलीचं, अनुष्काचं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ते कसं आहे ते मी शेवटी सांगेन.

अनुष्का मोठी झाली, खूप वाचू लागली, पुढे एका ग्रंथालयात नोकरीला लागली आणि शहरातल्याच द पर्ल भागात मैत्रिणीबरोबर राहू लागली. शनिवारी घरी यायची. माझ्या खोलीत मात्र ती कधी बसली नाही. बाबा, हे धूड आता टाका ना, असं दारातूनच म्हणायची. सर रंगाच्या ब्रशनं माझ्या पंख्यांवरची धूळ झटकत असायचे. ते हसून म्हणायचे, आधी याच्यातलं सगळं ऐक, मग टाकू. ती कधी ऐकायला आली नाही. तिला कामं असायची.

दर जुलैत सर आणि नीताताई सुट्टीला भारतात जात. जाण्याआधी सर वर्षभरातली वाचनं एका छोट्या डिस्कवर उतरवून घेत. ती डिस्क बाहेरून वायरनं मला जोडलेली असे. तिच्यावर त्यांनी चिकटपट्टी लावून लिहिलं होतं: नाशिक. सुटकेसमध्ये खजुराच्या डब्यांमधे बसून ती सरांच्या थोरल्या बहिणीकडे, कुमुदआत्यांकडे जायची. आत्या टीव्हीला ती डिस्क लावून परदेशातल्या या मुलांचं मराठी ऐकत, उच्चार सुधारत, आणि ऑगस्टमध्ये डिस्क परत येई. सगळेच लोक इथून सुट्टीला जाताना काही ना काही नेतात. सर आवाज नेत.

आता माझी चूक कुठे सुरू झाली ते ऐका.

मी सुरू होतो तेव्हा आधी एक यादी वाचतो. ती सरांनीच लिहिली होती. कोणकोणत्या डिस्क सोबत घेऊन उठायचं, ते तिच्यात असतं. तिची शेवटची ओळ होती नाशिक. डिस्क जोडलेली असली की मी तिला सोबत घ्यायचो. नसली, तर माझ्या रोजनिशीत एक ओळ लिहायचो, नाशिक सापडत नाही, आणि तसाच कामाला लागायचो. माझी जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे माझं सगळं वागणं ठरवणारी आतली व्यवस्था, मोठी सैल होती. नाही तर नाही, चल पुढे, असं तिचं चालायचं. म्हणजे मी वर्षानुवर्षं ती ओळ वगळत होतो.

गेल्या जुलैत डिस्क गेली आणि परत आली नाही. आत्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या दुपारभर पडून असतात म्हणून सरांनी डिस्क त्यांच्याकडेच ठेवली, दिवाळीत आणू म्हणाले. ऑगस्टमध्ये इमारतीची वीज गेली, परत आली, मी उठलो आणि लिहिलं, नाशिक सापडत नाही. रोजनिशी कोणी वाचत नाही. मीही कुणाला कळू दिलं नाही.

दिवाळीच्या बारा दिवस आधी सर ऑफिसातच खुर्चीवरून पडले. ते घरी आले नाहीत.

त्यानंतर सहा महिने माझ्या खोलीत फारसं कोणी आलं नाही. पंख्यांवर धूळ साचली. एसी मात्र कोणी बंद केला नाही. एकदा नीताताई तांदूळ घ्यायला आल्या आणि माझ्यावर हात ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या. सवत म्हणाल्या नाहीत.

एप्रिल आला. फ्लॅट कंपनीचा होता, रविवारी किल्ली परत द्यायची होती. सोफे, कपाटं कार्गोनं गेली. नीताताई नाशिकला जाणार होत्या. वर्गातल्या वीस कुटुंबांनी ठरवलं की शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता त्याच हॉलमध्ये जमायचं, सतरंजीवर बसायचं आणि सरांनी साठवलेली वाचनं ऐकायची. सरांचा आवाज शेवटचा त्याच भिंतींत ऐकायचा. ते सगळं तयार ठेवण्याचं अनुष्कानं स्वतःहून अंगावर घेतलं.

तिनं आपला लॅपटॉप मला जोडून पाहिला. लॅपटॉप नवा होता. माझी बोलण्याची पद्धत जुनी आहे, सुरक्षित नाही, म्हणून त्यानं माझ्याशी बोलायचं नाकारलं. तिनं रुकैयांना फोन केला. रुकैया रत्नागिरीच्या, वय पंचेचाळीसच्या आसपास. बिन महमूदमधल्या एका ऑफिसचे सर्व्हर त्या सांभाळतात. त्यांचा मुलगा वर्गात यायचा. मुलाला सोडायला येता येता त्या मागे बसू लागल्या आणि मग स्वतःच वाचू लागल्या, कारण त्यांची शाळा उर्दूतून झाली होती. रुकैयांनी सांगितलं, सिस्टिम फार जुनी झाली आहे, बदलावी लागेल, पण मी शुक्रवारी दुपारी येते, तोपर्यंत हात लावू नको.

अनुष्कानं गुरुवारी सकाळी हात लावला.

तिला दोष देऊ नका, मित्रांनो. सरांच्या खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसली होती. हे एक तरी काम आपण एकटीनं करावं, असं तिला वाटत असावं. पासवर्ड तिला स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराआत सापडला. गॅसवाल्याच्या नंबरखाली सरांच्या अक्षरात लिहिलेला. तो टाइप करताना तिनं प्रत्येक अक्षर बोटानं तपासलं. नवी सिस्टिम उतरवायला पाच तास लागणार होते. सुरुवातीलाच सूचनांचं एक लांब पान आलं. शेवटी प्रश्न होता: हे सगळं वाचलंत का?

तिनं हो म्हटलं. वाचलं नव्हतं. दिवसभर पुस्तकांत राहणाऱ्या त्या मुलीनं ते एक पान वगळलं. त्याच पानावर खालून चौथं वाक्य असं होतं की नवी सिस्टिम यादी काटेकोर पाळते. यादीतली एखादी डिस्क सापडली नाही तर मशीन सुरू होणार नाही.

दुपारी दोनला सगळं उतरून झालं. मी बंद झालो आणि पुन्हा सुरू होऊ लागलो. नव्या व्यवस्थेनं मला यादी वाचायला लावली. पहिली डिस्क आहे. दुसरी आहे. तिसरी, चौथी आहे. नाशिक? मी शोधलं. नव्या व्यवस्थेनं सांगितलं, थांब, वाट पाहा. मी दीड मिनिट वाट पाहिली. सेकंद मोजत पाहिली. नाशिक आलं नाही. मग मी जिथं होतो तिथंच खाली बसलो, काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी काढल्या, आणीबाणी असं लिहिलं आणि गप्प झालो.

अनुष्कानं बटण दाबून मला बंद केलं, पुन्हा चालू केलं. दीड मिनिट. पुन्हा खाली. असं तिनं अकरा वेळा केलं. अकरा वेळा मी वाट पाहिली. माझ्या आत चारही डिस्क धडधाकट होत्या, प्रत्येक मुलाचा आवाज जागच्या जागी होता, आणि मला ते सांगता येत नव्हतं. उठता न येण्यापेक्षा त्याची शरम मोठी होती. समोरची मुलगी समजत होती की तिनं सगळं पुसून टाकलं.

स्वयंपाकघरातून नीताताईंनी विचारलं, "झालं का गं?"

"होतंय," ती म्हणाली.

तिच्या फोनवर वर्गाच्या ग्रुपचा निरोप आला. उद्या काही आणायचं का, असं कोणीतरी विचारलं होतं. तिनं लिहिलं, काही नको, सगळं तयार आहे. मग तिनं फोन पालथा ठेवला आणि तांदळाच्या पोत्याला टेकून बसून राहिली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि माझी नजर खाली वळवायला मला मान नव्हती.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता रुकैया आल्या. हातात दोन स्पीकर आणि वायरींची पिशवी. अनुष्कानं आधी सांगितलं, नेट जरा स्लो आहे.  रुकैया सरळ खोलीत आल्या आणि पडदा पाहून उभ्या राहिल्या.

"मी हात लावला," अनुष्का म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं तरी लावला. सगळं गेलंय बहुतेक. मी लोकांना तयार आहे म्हणून सांगितलंय."

रुकैयांनी हातातले स्पीकर खाली ठेवले. त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांचं पहिलं वाचनही माझ्याकडेच आहे. त्या एका पानाला त्यांना अकरा मिनिटं लागली होती आणि सर अकरा मिनिटं मधे एक शब्दही बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, "रडू नको गो. आधी बघू तरी." अनुष्का रडत नव्हती. रुकैयांनी स्वतःचेच डोळे पुसले, ओढणी खोचली आणि टॉर्च घेऊन माझ्या मागे शिरल्या. एकेक वायर हलवून तपासू लागल्या. तिथून त्यांना पडदा दिसत नव्हता. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय समोर?

अनुष्का म्हणाली, कसलीतरी वाट बघतोय, दीड मिनिट, मग एरर.

"कसलीतरी नको. शब्द वाच."

"खूप आहे, सगळं टेक्निकल आहे."

"सर काय करायला लावायचे?" माझ्या मागून रुकैयांचा आवाज आला. "मोठ्यानं वाच. वगळू नको."

अनुष्कानं मला पुन्हा चालू केलं आणि खुर्ची पुढे ओढली. पडदा इंग्रजीत होता. तिनं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ओळ आली की वाचायची, अडली की थांबायची. आकडे, तिरक्या रेघा, ठिपके, सगळं. पहिल्या डिस्कची ओळ, ठीक. दुसरीची ठीक. तिचा आवाज आधी घाईत होता, मग हळूहळू सावकाश झाला. वर्गातली मुलं वाचायची तसा. बारा वेळा पाहिलेली ती ओळ मग आली. ती वाट पाहण्याची ओळ. तिच्या शेवटी एक नाव होतं. ते आजवर तिनं पाहिलं होतं, वाचलं नव्हतं.

"नाशिक," ती म्हणाली आणि थांबली.

रुकैया माझ्या मागून बाहेर आल्या. त्यांच्या केसांना धूळ लागली होती. त्यांनी विचारलं, नाशिक काय आहे?

अनुष्काला माहीत नव्हतं. दारात नीताताई येऊन उभ्या होत्या, हातात खरकटी वाटी. "अगं, ती नाही का कुमुदवन्संकडं न्यायचे ती डिस्क," त्या म्हणाल्या. "गेल्या वेळी परत आणली की नाही, कोण जाणे. मी विचारलंच नाही."

म्हणजे हा तिची वाट बघतोय, रुकैया म्हणाल्या, आणि ती इथं नाही. बाकी सगळं जागेवर आहे गो. एक बाईट गेलेली नाही.

ते ऐकून अनुष्कानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हायसं वाटलं म्हणून असेल. पण तिला आणखी एक गोष्ट आठवली असावी. तेराव्यानंतर तिनं आत्यांना एकदाही फोन केला नव्हता. करते, करते म्हणत सहा महिने गेले होते. आता गरज पडली म्हणून करायचा. तिनं नंबर काढला, दोनदा खाली ठेवला, तिसऱ्यांदा लावला आणि स्पीकर सुरू केला.

आत्यांनी ओळखलं. खुशाली विचारली. तक्रार केली नाही, त्यामुळे अनुष्काला जास्तच अवघड झालं. तिनं विचारलं, "आत्या, बाबांची डिस्क तुझ्याकडे आहे का?"

 आत्या म्हणाल्या, "आहे. टीव्हीच्या मागं आहे. मी सांगायला हवं होतं."

अनुष्का म्हणाली, नाही, तसं नाही, फक्त विचारलं.

"रोज चारला लावते," आत्या म्हणाल्या. "मुलांचं नाही ऐकत मी आता. गिरीश तारीख सांगतो ना सुरुवातीला, तेवढंच. मग पुढचं लावते. तुम्ही मागाल म्हणून फोनसुद्धा केला नाही मी. म्हातारपणी चोरी, दुसरं काय. पाठवू का? कुरिअरचा माणूस येतो खाली."

 नीताताईंनी पुढे होऊन फोन हातात घेतला. "वन्सं, ठेवा तुमच्याकडंच. मी पुढच्या आठवड्यात येतेच आहे. दोघी मिळून ऐकू चारला," त्या म्हणाल्या. आत्या बरं म्हणाल्या, आणि मग हळूच विचारलं, अजून त्या पेटीला सवत म्हणतेस का. नीताताई म्हणाल्या, म्हणते की, आता तीच तेवढी उरली.

तीन वाजले होते. रुकैयांनी पासवर्ड टाकून ती यादी उघडली. सरांनी लिहिलेल्या पाच ओळी पडद्यावर आल्या. रुकैयांनी शेवटच्या ओळीवर कर्सर नेला आणि म्हणाल्या, ही काढून टाकते, मग उठेल तो. बोट बटणावर गेलं.

"नको," अनुष्का म्हणाली.

रुकैयांनी मागे वळून पाहिलं.

"काढायचीच आहे का? असू दे, पण त्याच्यासाठी थांबायचं नाही, असं काही लिहिता येत नाही?"

येतं, रुकैया म्हणाल्या. एक शब्द लिहायचा. असली तर घे, नसली तरी ऊठ, असा त्याचा अर्थ. मग त्या खुर्चीवरून उठल्या आणि तिला बसायला सांगितलं. तो शब्द अनुष्कानं स्वतः लिहिला, सरांच्या ओळीला जोडून. लिहिल्यावर ती ओळ तिनं एकदा मोठ्यानं वाचली. एकही शब्द न वगळता.

मग तिनं मला चालू केलं.

मी यादी वाचली. पहिली आहे, दुसरी आहे, तिसरी, चौथी आहे. नाशिक? सापडत नाही. मी ते रोजनिशीत लिहिलं आणि उठलो. माझ्या दोन्ही पंख्यांनी जोरात श्वास घेतला, साचलेली धूळ पुढून भसकन बाहेर आली आणि रुकैयांना दोन शिंका आल्या. नीताताई म्हणाल्या, सवत जिवंत आहे.

पाच वाजता हॉल भरला. सोफ्यांच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिले होते, त्यांच्याखाली लोक टेकून बसले. आता मोठी झालेली मुलं आपली लहानपणची वाचनं ऐकून लाजत होती. हारिस नावाचा मुलगा, ज्याला आता मिशी फुटली आहे, तो आपल्याच बोबड्या आवाजाला हसून कोपऱ्यात लपला. पण प्रत्येक वाचनाच्या आधी सरांचा आवाज आला की हॉल एकदम शांत व्हायचा. आज तारीख अमुक. वाचणार आहे. रुकैयांची अकरा मिनिटं कोणीही कापू दिली नाहीत. सगळी ऐकली.

शेवटी अनुष्कानं पहिलं वाचन लावलं. ते कोणी मागितलं नव्हतं. वर्ग सुरू झाला तेव्हाचं ते, तेरा वर्षांपूर्वीचं. त्यात सर म्हणतात, आज तारीख सतरा मार्च. वाचणार आहे अनुष्का. मग कागदाची सळसळ. मग चौदा वर्षांच्या मुलीचा चिडका आवाज, इंग्रजीत: बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग, आय अ‍ॅम नॉट डुइंग इट. खुर्ची सरकल्याचा आवाज, दार. नंतर बराच वेळ काही नाही. आणि अगदी शेवटी सर, जवळजवळ स्वतःशीच: "बरं. आज नाही. जागा ठेवतो."

तो तुकडा त्यांनी पुसला नव्हता. मीही पुसला नाही. तेरा वर्षं मी ती जागा सांभाळली होती.

 अनुष्काचे कान लाल झाले होते. तिनं पिशवीतून एक कागद काढला. गुरुवारी न वाचलेलं ते सूचनांचं पान तिनं दुपारी छापून घेतलं होतं, हे मला माहीत होतं. पण हा दुसरा कागद होता, पिवळा पडलेला. त्या सतरा मार्चचं पान. सरांच्या खणात होतं. तिनं ते समोर धरलं आणि माझ्यात वाचन साठवायचं बटण दाबलं. तारीख सांगायला कोणी नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा भिंतीशी बसलेल्या नीताताई खाकरल्या आणि म्हणाल्या, "आज तारीख चोवीस एप्रिल. वाचणार आहे अनुष्का."

ती वाचू लागली. दुसऱ्या ओळीत तिला अडलं. ती थांबली.

मित्रांनो, आता मी रुकैयांच्या घरी असतो. वर्ग तिथं भरतो, शुक्रवारी, आठ ते साडेदहा. अनुष्का येते, रंगाच्या ब्रशनं माझे पंखे झटकते आणि दर महिन्याला माझी रोजनिशी पहिल्या ओळीपासून वाचते. मला तिच्याकडून एवढंच हवं होतं. तुमच्या घरातही माझ्यासारखं काही जुनं असेल. त्याला बदला, नवं करा, माझी काही हरकत नाही. पण त्याआधी त्याच्यात काय लिहिलं आहे ते एकदा वाचा, आणि ज्याला ते माहीत असेल त्याला, तो असेपर्यंत, विचारून ठेवा. मी सांगायला हवं होतं, पण माझ्याकडे रोजनिशी होती, तोंड नव्हतं. तुम्हाला तोंड आहे.

वीज गेली की मी अजूनही बंद पडतो, आणि आली की सुरू होतो. यादी वाचतो. शेवटच्या ओळीपाशी येतो. नाशिक शोधतो. तिथं तेव्हा चार वाजले असतील तर दोघीजणी टीव्हीसमोर बसल्या असतील. मी लिहितो, सापडत नाही. आणि उठतो.